गुळाची परीक्षा डोळ्यांनी नको

काहिलीतला रस आटत आला की गुळव्या बोलायचं थांबतो. तोवर चुलवाणात चिपाड सारणाऱ्याला हाका, मळी काढणाऱ्या पोरांना दटावणी, आल्यागेल्याला रसाचा तांब्या, सगळं चालू असतं. पण फेस बसून बुडबुडे बारीक आणि जड झाले की माझे मामा गप्प व्हायचे. दांड्याच्या टोकाला आलेला पाक गार पाण्यात सोडायचे, दोन बोटांनी त्याची गोळी वळायचे आणि ती भांड्याच्या कडेवर आपटायचे. आवाज मनासारखा आला की हात वर. जाळ थांबे, काहील उतरे, पाक वाफ्यात ओतला जाई. त्या क्षणी पाक 118 ते 120 अंशांवर असतो हे मला पुढे वाचून कळलं. मामांना आकडा माहीत नव्हता, पण त्यांचा गूळ करपलेला किंवा पावसाळ्यात पाझरलेला मला आठवत नाही.

ते गुऱ्हाळ पंचगंगेच्या काठच्या एका गावात होतं. आता तिथे ट्रॅक्टरची शेड आहे. करवीर, पन्हाळा, कागल या भागांत फिरलं की प्रत्येक गावात अशी एखादी जागा दाखवतात: इथे अमक्याचं गुऱ्हाळ होतं. कारणंही ठरलेली सांगतात. मजूर मिळत नाहीत, दर परवडत नाही, कारखाना बरा. ही कारणं खरीच आहेत. पण मला त्यांच्या पोटातलं एक कारण जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. गुळाचा दर त्याच्या रंगावर ठरतो. जोवर तो तसा ठरेल तोवर गुळव्याचं कसब टिकणार नाही, गुळाला कितीही मानांकनं मिळोत. दर चवीवर ठरायला हवा आणि चव ठरवण्याची रीत सौद्यातच बसवायला हवी.

कसब म्हणजे नेमकं काय, हे आधी सांगतो. गूळ म्हणजे उसाचा रस आटवणं, असं ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांना वाटतं. आटवणं हा त्यातला सोपा भाग. ऊस कोणत्या रानातला, किती महिन्यांचा, तोडून किती तास झाले, यावर रस कसा वागणार ते ठरतं. तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहिला की त्यातली साखर फुटते आणि गूळ चिकट होतो, कणी धरत नाही. खारवट रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो. रस तापायला लागला की त्यात चुन्याची निवळी किती घालायची हे रसाच्या आंबटपणावर अवलंबून. निवळी कमी पडली तर गूळ मऊ राहतो, जास्त झाली तर काळपट होतो. मग भेंडीचं पाणी. रानभेंडीची ताटं ठेचून पाण्यात कुस्करली की जो बुळबुळीत चीक सुटतो तो रसात सोडायचा. त्या चिकाला रसातला गाळ धरून वर येतो आणि मळी बनते, ती झाऱ्याने काढत राहायची. चांगली भेंडी आणि वेळेवर काढलेली मळी असेल तर रस सोन्यासारखा स्वच्छ दिसतो. कोल्हापुरी गुळाचा पिवळा रंग जो नावाजला गेला तो मुळात या निगुतीतून आला होता. पिवळा रंग म्हणजे काम मन लावून झालं, अशी ती खूण होती.

पुढे खुणेलाच दर मिळू लागला आणि काम मागे पडलं.

सौदा कसा होतो ते पाहा. दिवाळीच्या पाडव्याच्या मुहूर्ताला हंगामाचे सौदे सुरू होतात. आडत दुकानात रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, मांडलेले असतात, पूर्वी तीस किलोचा रवाच जास्त, आता दहा, पाच, एक किलोचेही. खरेदीदार ओळीने फिरतात, रव्याचा एखादा कपचा काढून आतला रंग बघतात, कणी बघतात आणि बोली लागते. रंगावरून प्रत ठरते: स्पेशल, एक नंबर, दोन नंबर. पिवळ्याधमक रव्याला जो भाव मिळतो तो तांबूस रव्याला मिळत नाही. कपचा तोंडात टाकणारेही असतात, पण भाव फोडताना शब्द उच्चारला जातो तो रंगाचाच. एका वर्षी आमच्या घरचा माल बिनहायड्रॉसचा, म्हणजे रंग उजळवणारी पुडी न टाकलेला होता. त्याच सकाळी शेजारच्या थप्पीत हायड्रॉस मारलेला माल होता. दोन्ही मी तोंडात घालून पाहिले. आमच्या गुळाला उसाचा वास होता, त्या गुळाला मागे राहणारी एक तुरट, औषधी चव. आमचा दोन नंबरला गेला. मामा काही बोलले नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाले, "पुढच्या खेपेला टाकायला लागणार."

टाकायचं ते सोडियम हायड्रोसल्फाइट. गुऱ्हाळावर त्याला हायड्रॉस म्हणतात. उकळत्या रसात चिमूटभर टाकलं की रंग झटक्यात उजळतो. भेंडी ठेचायची, मळी काढत तासभर उभं राहायचं, रान बघून ऊस निवडायचा, या कशाचीच मग एवढी गरज राहत नाही. त्यातून गुळात सल्फर डायऑक्साइड उरतो, त्याला अन्नसुरक्षेच्या नियमांत कमाल मर्यादा आहे. आणि उजळलेला रंग टिकतही नाही. काही आठवडे गेले की तोच रवा पुन्हा काळवंडू लागतो, पण तोवर सौदा होऊन गेलेला असतो.

यात शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. ज्या परीक्षेत फक्त रंगाला गुण आहेत तिथे माणूस रंगाचीच तयारी करणार. गुळव्याचं पंचवीस वर्षांचं कसब आणि दुकानातली पुडी, दोन्ही रव्याला एकाच प्रतीत नेऊन बसवत असतील, तर पुडी स्वस्त पडते. कसब असंच मरतं.

याच परीक्षेचं उलटं टोक मी दोन ठिकाणी वाचून पाहिलं. दोन्ही युरोपातली आहेत. तिकडचं सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही, पण ही दोन उदाहरणं आपल्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवतात.

पहिलं ऑलिव्ह तेलाचं. तिथे एक्स्ट्रा व्हर्जिन हा दर्जा केवळ प्रयोगशाळेच्या आकड्यावर मिळत नाही. आम्लता 0.8 टक्क्यांच्या आत असली पाहिजे हे आहेच, पण 1991 पासून युरोपीय नियमांनुसार ते तेल प्रशिक्षित चवपारख्यांच्या गटानेही चाखावं लागतं. गटात आठ ते बारा माणसं. तेल 28 अंशांच्या आसपास गरम ठेवतात, वर काचेची झाकणी. कुबट, आंबूस, खवट, मातकट असा एक जरी दोष गटाला जाणवला तर ते तेल एक्स्ट्रा व्हर्जिन राहत नाही. आणि ज्या प्याल्यातून चाखायचं तो आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेने ठरवून दिलेला प्याला गडद निळ्या काचेचा असतो. का? तर तेलाचा रंग दिसू नये म्हणून. हिरवं तेल पाहिलं की ते ताजं असं मन आधीच ठरवून टाकतं, म्हणून डोळ्यांना त्या परीक्षेतून बाहेर काढलं. आपण जिभेला बाहेर काढलं.

दुसरं कोंते या चीजचं. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या ज्युरा डोंगरांत ते होतं. कच्च्या दुधाचं, तांब्याच्या मोठ्या भांड्यात केलेलं, किमान चार महिने तळघरात मुरवलेलं. चाळीस किलोच्या एका चाकाला सुमारे चारशे लिटर दूध लागतं. एवढं दूध एका शेतकऱ्याच्या गोठ्यात एका दिवसाला नसायचं, म्हणून तिथल्या गावांनी कित्येक शतकांपूर्वीच दूध एकत्र आणायची रीत पाडली. आजही ते चीज गावागावांतल्या लहान, बहुतांशी सहकारी चीजघरांत होतं. आपल्याकडचं गुऱ्हाळही असंच चालायचं. काहील एकाची, पण तिच्यावर पाळीपाळीने भावकीचा, शेजारपाजारचा ऊस यायचा. सहकार हा शब्द कायद्यात यायच्या आधीचा सहकार.

कोंतेला नावाचं कायदेशीर संरक्षण 1958 मध्ये मिळालं. पण त्या चीजचं पोट केवळ नावावर भरत नाही. गाई कोणत्या जातीच्या, त्यांना मुरघास द्यायचा नाही, दर हेक्टरी किती दूध काढायचं, दूध किती अंतरावरून आणायचं, हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय आणि ते पाळावं लागतं. आणि प्रत्येक चीजचं परीक्षण होतं, वीस गुणांचं. त्यातले नऊ गुण एकट्या चवीला. बाहेरच्या रूपाला आणि सालीला मिळून अडीच. चौदाच्या वर गुण पडले तर हिरवी पट्टी, बारा ते चौदा असतील तर तपकिरी पट्टी, बाराच्या खाली गेलं तर ते चीज कोंते नावाने विकताच येत नाही. ते वितळवून दुसऱ्या मालात जातं. याचा परिणाम असा की तिथल्या दूधउत्पादकाला फ्रान्समधल्या साध्या दुधापेक्षा बरा दर मिळतो आणि चीज करणाऱ्या कारागिराची जागा शाबूत आहे. तिथेही सगळं आलबेल नाही. गोठ्यांमुळे लू नदीचं पाणी बिघडल्याच्या तक्रारी आहेत आणि ऑलिव्ह तेलात तर भेसळीची प्रकरणं सतत निघतात. पण परीक्षा कशाची घ्यायची, हे त्यांनी ठरवलेलं आहे.

आपल्याकडे कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं ते 2014 मध्ये. या मानांकनाचा कायदा 1999 चा, 2003 पासून अंमल, पुढच्या वर्षी दार्जिलिंगच्या चहापासून सुरुवात. त्यानंतर सांगलीची हळद, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचा कोकम, अलिबागचा पांढरा कांदा असं एकेक येत गेलं. प्रत्येक वेळी बातमी, सत्कार, हारतुरे. मला या मानांकनाचा आनंदच आहे. पण कायद्याच्या नियमांत एक बारीक जागा आहे ती सगळ्यांनी वाचावी. अर्ज करताना मालाची देखरेख करणारी यंत्रणा कोणती, ते लिहायचं असतं. त्या ओळीत पुढे दोन शब्द आहेत: 'असेल तर'. नावाचं संरक्षण द्यायचं, पण नावाआडचं काम कोण तपासणार हे असेल तर सांगा. त्यामुळे मानांकनानंतरही सौद्यात काही हललं नाही. शेजारच्या राज्यातला गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो, अशी ओरड दर हंगामात होते. ती रास्त आहे. पण समजा उद्या ती सगळी आवक थांबली, तरी आपल्याच हद्दीत आपल्याच काहिलीतून निघालेला हायड्रॉसचा रवा आणि मामांचा रवा यांत फरक करायला आपल्या हातात काही नाही. दोन्ही मानांकित.

आता याच्या उलट बाजूची एक गोष्ट. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या दुकानांत काळा गूळ दिसू लागला. सेंद्रिय, केमिकल फ्री अशा चिठ्ठ्या लावलेला, साध्या गुळाच्या दीडपट-दुप्पट दराचा. गिऱ्हाइकाला कुणीतरी सांगितलंय की पिवळा गूळ रसायनाचा आणि काळा गूळ शुद्ध. हेसुद्धा डोळ्यांचंच राज्य आहे. काळा रंग मळी नीट न काढल्यानेही येतो, चुना जास्त झाल्यानेही येतो, तळ लागल्यानेही येतो आणि शिळ्या उसानेही येतो. भेंडी चांगली घातलेला, मळी वेळेवर काढलेला गूळ रसायनाचा कण न टाकता पिवळसर, तांबूस सोनेरी निघू शकतो. तो या नव्या बाजारात संशयित ठरतो. म्हणजे जुन्या बाजारात तो पुरेसा पिवळा नाही म्हणून मार खातो आणि नव्या बाजारात पुरेसा काळा नाही म्हणून. शहरातल्या वाचकांना माझं हात जोडून सांगणं आहे: रंगावर जाऊ नका. खडा जिभेवर ठेवा, विरघळू द्या. उसाचा वास येतो का बघा, शेवटी तुरट किंवा खारट चव मागे राहते का बघा.

पैशांचं बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. 2025-26 च्या हंगामाला केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये. कोल्हापूरकडचा उतारा त्याहून बराच वर, म्हणून दरही त्यावर जातो. शिवाय कारखान्याने 14 दिवसांत पैसे द्यावेत असा 1966 पासूनचा नियम आहे. तो मोडला जातो हे खरं, पण मोडला तर आंदोलन करायला नियम तरी आहे. गुळाला असा आधार नाही. एक टन उसाचा साधारण 100 ते 110 किलो गूळ होतो. समजा क्विंटलला 4,000 रुपये मिळाले, तर टनाचे झाले 4,000 ते 4,400. त्यातून तोडणी, गुऱ्हाळाची मजुरी, गुळव्याचा रोज, भेंडी, चुना, तेल, रव्याचं कापड, अडत, हमाली. हिशोब करणारा माणूस ऊस कारखान्याला घालेल, यात नवल नाही. याचा अर्थ गूळ साखरेशी स्वस्ताईच्या शर्यतीत कधीच जिंकणार नाही. त्याला जगायचं असेल तर साखरेपेक्षा वेगळा माल म्हणून, वेगळ्या दराने जगावं लागेल. आणि वेगळेपण चवीत आहे. रंग तर कारखानाही करून देईल.

यावर काही जण म्हणतील, गुजरातच्या व्यापाऱ्याला पिवळाच गूळ लागतो, तुम्ही चवीच्या गोष्टी कुणाला सांगता? कोल्हापूरचा फार मोठा माल गुजरातेत जातो हे मला मान्य आहे. तो बाजार एका रात्रीत बदलावा असं माझं म्हणणं नाही. पिवळा मागणाऱ्याला पिवळा मिळत राहो. माझी मागणी त्याच सौद्यात एक दुसरा रकाना उघडावा एवढीच आहे. आज रंगाची प्रत लिहितात, तिच्या शेजारी चवीचे गुण लिहावेत. ज्या शेतकऱ्याला हवं त्याने आपला माल त्या परीक्षेला द्यावा. सल्फर डायऑक्साइडची तपासणी आधी, त्यात पास झालेलाच माल चवीला बसावा. मग पुण्याचा, मुंबईचा, ठाण्याचा, परदेशात पाठवणारा खरेदीदार त्या गुणांवर बोली लावेल, कारण आज त्याला विश्वासाने धरावं असं काहीच हातात मिळत नाही. तो चिठ्ठीवर विश्वास ठेवतो किंवा काळेपणावर.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. चव ही ज्याची त्याची, तिला गुण कसे द्यायचे? मीही हेच म्हणायचो. पण मामांना एकदा मी चार ठिकाणचे खडे आणून दिले होते, कागदात गुंडाळून, नावं न सांगता. पहिल्याला म्हणाले, ऊस शिळा होता. दुसऱ्याला म्हणाले, भेंडी कमी पडलीय, मळी आत राहिली. तिसऱ्याला थुंकून टाकलं आणि पाणी मागितलं, तो हायड्रॉसचा होता. चौथा बराच वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाले, हा नदीकाठच्या खारवट पट्ट्यातला, पण गुळव्या चांगला आहे. मी ज्या ज्या गुऱ्हाळावरून खडे आणले होते तिथे जाऊन विचारलं. दोन ठिकाणी मामांचं म्हणणं तिथल्या माणसांनी स्वतःहून कबूल केलं. बाकी दोन ठिकाणी हसून विषय बदलला. हे ज्ञान ज्याचं त्याचं नाही. ते शिकता येतं, शिकवता येतं, आणि आठ जणांनी वेगवेगळं बसून चाखलं तर त्यातला एकेकट्याचा लहरीपणा गळून पडतो. ऑलिव्हवाल्यांनी आठ हा आकडा उगाच धरलेला नाही.

कोल्हापुरात ऊस आणि गूळ संशोधन केंद्र आहे. तिथे जाती निवडल्या जातात, गुऱ्हाळाच्या सुधारणा होतात. चवीच्या दोषांची एक पक्की यादी, प्रत्येक दोषाचा नमुना आणि तो कशाने येतो याची नोंद, एवढं काम त्या केंद्राने जुन्या गुळव्यांना सोबत घेऊन दोन हंगामांत करावं. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. त्या काळी व्यापार आणि उत्पादक एका जागी आणणं हेच मोठं काम होतं आणि ते झालं. आज त्याच बाजाराला परीक्षेची नवी रीत हवी आहे, आणि ती बाजारातच उभी राहिली पाहिजे. सरकारी कार्यालयातून आलेल्या प्रमाणपत्रापेक्षा आडतीवर लिहिलेला भाव शेतकऱ्याला लवकर कळतो.

गुळव्याच्या रोजाचंही बोललं पाहिजे. आज त्याला आधणावर, म्हणजे काहिलीच्या एका खेपेवर, किंवा दिवसावर पैसे मिळतात, रवा स्पेशलला गेला काय आणि दोन नंबरला गेला काय. चवीच्या गुणांवर जो जादा भाव मिळेल त्यातला एक ठरलेला हिस्सा त्याच्या नावावर लिहिला गेला पाहिजे, आणि रव्याच्या चिठ्ठीवर शेतकऱ्याच्या नावाखाली त्याचंही नाव छापलं गेलं पाहिजे. तरच त्याचा पोरगा कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून जाण्याआधी एकदा थांबून विचार करेल. आमच्या गावातले दोन गुळव्यांचे पोरगे गेले. त्यांना दोष कसा देऊ?

पुढच्या पाडव्याला हे सुरू व्हावं असं मला वाटतं. फार खर्च नाही. सौद्याच्या आधी तासभर, बाजारातल्याच एखाद्या बंद खोलीत, गुळाचे सारख्या आकाराचे खडे, वर आकडे, बाजूला कोमट पाणी, आणि रंग कळू नये असा अंधूक उजेड. पहिल्या आठ जणांत निदान तीन जुने गुळवे असावेत. मी मामांचं नाव देणार आहे. चाळीस हंगाम चुलवाणाच्या धगीपुढे आणि धुरात उभं राहून त्यांची नजर आता फार अधू झालीय. रव्याचा रंग त्यांना सांगता येणार नाही. बाकी सगळं येईल.